चिमुकल्यांची विजार घरच्या घरी

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले, बालवाडीत नाव घातले, की घरातल्या मोठ्यांना त्याला 'मोठ्या माणसासारखे' सजवण्याची हौस येते. दुकानातून जाड जीनची पँट येते. तिला पुढे चेन असते, वर पितळी बटण असते, कधी कधी छोटासा पट्टाही असतो. फोटोत मूल मोठे गोड दिसते. पण बालवाडीच्या पहिल्याच आठवड्यात खरी अडचण उभी राहते. मुलाला शू लागते, ते बटणाशी झटते, बटण काही काजातून सुटत नाही, बाई दुसऱ्या मुलाचे नाक पुसत असतात आणि तेवढ्यात व्हायचे ते होऊन जाते. बाकीची मुले हसतात. घरी आल्यावर आई म्हणते, "एवढा मोठा झालास, तरी सांगता येत नाही का?" सांगता येत होते, सोडता येत नव्हते.

लहान मुलाच्या विजारीची पहिली परीक्षा हीच, की ती त्याची त्याला काढता-घालता येते की नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह काढले. पुढे त्यांच्या शाळांतून मुलांच्या हाती जी साधने देण्यात आली, त्यांत लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडाच्या जोड्या असतात. एका चौकटीला बटणे, दुसरीला हुक, तिसरीला नाड्या. मुलाने बसून, घाई नसताना, पुन्हा पुन्हा हे उघडावे आणि लावावे, अशी त्यामागची कल्पना. बटण लावणे हा शिकण्याचा विषय आहे आणि तो निवांतपणे शिकायचा आहे, हे त्या बाईंनी ओळखले होते. शू लागलेल्या मुलाची परीक्षा घेण्याची ती वेळ नव्हे. तोवर त्याला कमरेला इलॅस्टिक असलेली, दोन्ही हातांनी धरून सर्रकन खाली ओढता येणारी विजार हवी. चेन तर या वयात नसलेलीच बरी. घाईघाईत वर ओढताना मुलग्यांची नाजूक कातडी तीत अडकते आणि मग रडारड होऊन दवाखाना गाठावा लागतो.

अशी विजार घरी शिवणे अवघड नाही. पैसे वाचतील म्हणून मात्र कोणी या फंदात पडू नये. बाजारात होजिअरीच्या तयार चड्ड्या इतक्या स्वस्त मिळतात, की नुसते चांगले सुती कापड आणायचे म्हटले तरी कधी कधी तेच महाग पडते. घरी शिवण्याचा लाभ वेगळा आहे. ती विजार त्या एका मुलाच्या अंगाची होते आणि मुलाच्या अंगाची तऱ्हा मोठ्यांहून फार निराळी असते.

मुळात लहान मुलाला कंबर नसतेच. पोट पुढे आलेले, पाठीला किंचित बाक, आणि कमरेचे माप नितंबांच्या मापाहून जेमतेम इंचभर कमी. मोठ्यांच्या पँटला कमरेच्या खळगीत बसायला जागा मिळते. मुलाची पँट मात्र पोटावरून घसरत राहते आणि मग घरातले कोणीतरी तिला पट्ट्याने आवळते. आवळली की पोटावर लाल वळ उठतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपली मुले दिवसभर काय करतात? उकिडवी बसतात. मातीत, अंगणात, मुंगीची रांग बघत, आणि शौचालाही उकिडवीच. मूल असे बसले की मागच्या बाजूची लांबी वाढते. कापडाला ती पुरवता आली नाही, तर विजार मागून खाली सरकते आणि कंबर उघडी पडते, नाहीतर शिवण 'टर्र' करते. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच ठेवायची ती यासाठी. पुष्कळ घरगुती विजारी फसतात त्या एवढ्याच एका गोष्टीवर. पुढचा आणि मागचा भाग अगदी सारखा बेतलेला असतो.

आपल्याकडच्या जुन्या शिंप्यांना हे पक्के ठाऊक होते. लेंगा काय, सुरवार काय, दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा जोडलेला असे. त्याला मियानी म्हणतात. या तुकड्यामुळे मांडी घालून बसा, उकिडवे बसा, घोड्यावर टांग टाका, कापड ताणले जात नाही. शेजारच्या चीनमध्ये तर पिढ्यान् पिढ्या तान्ह्यांच्या विजारीची बैठकीची शिवण मुद्दाम उघडीच ठेवत आले. मूल उकिडवे बसले की ती आपोआप फाकते, काढण्या-घालण्याचा प्रश्नच मिटतो. शहरांतून आता तिथेही डायपर आले आहेत आणि आपल्याकडे तेवढे धाडस कोणी करणार नाही. पण विजार बेतायची ती बसलेल्या मुलासाठी, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

कापड आणि माप

कापड सुती घ्यावे. केंब्रिक, पॉपलीन, मऊ हातमाग, थंडीसाठी फ्लॅनेल. मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण नवा असताना खरखरीत लागतो. तो दोन-तीन वेळा धुऊन मगच कापावा. खरे तर कोणतेही सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून घ्यावे. मीटरमागे दोन-चार सेंटिमीटर कापड आटणे ही नेहमीची गोष्ट आहे. शिवल्यावर आटले, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. गडद लाल, निळ्या कापडाचा रंग जातो का, तेही याच वेळी कळते.

नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांचे कापड घरात पुष्कळ पडून असते आणि ते लवकर फाटत नाही, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. मुलांच्या रोजच्या विजारीसाठी ते टाळावे. त्यात घाम शोषला जात नाही, उन्हाळ्यात मांड्यांना पुरळ येते. दिवाळीत पणत्या-फुलबाज्यांजवळ तर असे कापड नकोच. आच लागताच ते वितळते आणि कातडीला चिकटून बसते. सुती कापडही पेट घेतेच, तेव्हा सैल घोळदार मोहरीची विजार घालून मुलाला फटाक्यांजवळ जाऊ देऊ नये.

मापे चारच घ्यायची. कमरेभोवती एक दोरी सैलसर बांधावी. ती जिथे स्थिरावेल ती त्या मुलाची कंबर. तिथून घोट्यापर्यंत बाजूने लांबी. नितंबांचा सर्वांत मोठा घेर. आणि बैठक. बैठक मोजायला मुलाला स्टुलावर ताठ बसवावे आणि दोरीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत बाजूने टेप धरावी. मूल स्थिर बसत नाही ही तक्रार खरी आहे. हातात बिस्किट द्यावे आणि हे माप सर्वांत आधी घ्यावे.

अडीच-तीन वर्षांच्या मध्यम अंगाच्या मुलाची मापे साधारण अशी येतात: कंबर २० इंच, नितंब २१ इंच, लांबी २० इंच, बैठक ७ इंच. पुढचे बेतकाम या मापांवर दिले आहे. ज्याचे त्याने आपल्या मुलाच्या मापाने कमी-जास्त करावे.

बेतणे

या विजारीला बाजूची शिवण नाही. प्रत्येक पायाचा पुढचा-मागचा भाग मिळून एकच तुकडा, असे दोन तुकडे. शिवणी जितक्या कमी, तितके नवशिकीचे काम सोपे आणि मुलाला टोचायला कमी.

जुन्या वर्तमानपत्रावर मधोमध २० इंचांची उभी रेघ मारावी. ही बाजूची रेघ. तिच्या वरच्या टोकापासून ८ इंच खाली, म्हणजे बैठकीचे ७ आणि सैलपणाचा १, आडवी रेघ काढावी. उभ्या रेघेपासून पुढच्या बाजूला ६ इंच आणि मागच्या बाजूला साडेसहा इंच अशा खुणा वर कमरेवर आणि खाली बैठकीच्या रेघेवर कराव्यात. आता बैठकीच्या रेघेवर पुढे आणखी सव्वा इंच आणि मागे आणखी सव्वादोन इंच बाहेर जावे. कमरेकडून येणारी रेघ या टोकांना गोलाईने मिळवायची, पुढे उथळ, मागे खोल. मागच्या बाजूची कमरेची खूण सव्वा इंच वर चढवावी आणि ती तिरक्या रेघेने पुढच्या कमरेला जोडावी. खाली मोहरीसाठी उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच इंच. बैठकीची टोके मोहरीला सरळ जोडली, की झाला एक पाय.

आता माया. शिवणीसाठी सोडायच्या जादा कापडाला मराठीत हाच शब्द आहे आणि मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत तो फारच शोभतो. शिवणीला चारी बाजूंनी अर्धा इंच, वर नेफ्यासाठी सव्वा इंच, खाली मोहरी दुमडायला दीड इंच आणि वाढत्या उंचीसाठी आणखी २ इंच. असे धरून प्रत्येक तुकडा १७ इंच रुंद आणि २६ इंच लांब होतो. छत्तीस इंच पन्ह्याचे कापड लांबीत दुहेरी केले की १८ इंच रुंदी मिळते, म्हणजे पाऊण मीटरमध्ये दोन्ही पाय एकदम निघतात.

कापड सुलट्या बाजू आत ठेवूनच दुहेरी करावे आणि कागद टाचण्यांनी पक्का करून दोन्ही पदर एकदम कापावेत. सुटे सुटे कापणारीच्या हाती हमखास दोन डावे पाय येतात. कापडावर हत्ती, मोटारी, झाडे अशी वर-खाली असलेली चित्रे असतील, तर ती उभी आहेत ना, एवढे कापण्याआधी पाहावे. हत्ती उलटे आले, तर मुलाला आवडतीलही, पण सासूबाई बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

ज्यांना हा कागदाचा खटाटोप नको, त्यांनी मुलाची अंगाला नीट बसणारी जुनी विजार घ्यावी. एक पाय दुसऱ्यात घालून ती सपाट करावी, इलॅस्टिक पूर्ण ताणून धरावे आणि पुढचा-मागचा भाग वेगवेगळा पेन्सिलीने उतरवून घ्यावा. आणि मग ती विजार मागून खाली सरकत होती का, हे आठवून मागची बाजू हवी तर उंच करावी.

शिवणे

क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक पायाची आतली शिवण घालून दोन नळ्या करून घ्याव्यात. मागची बाजू पुढच्यापेक्षा कणभर लांब भरेल. दोन्ही टोके टाचून मधले कापड हलकेच जुळवून घ्यावे, कापून टाकू नये. मग एक नळी सुलटी करून दुसऱ्या उलट्या नळीच्या आत सारावी. सुलट्या बाजू समोरासमोर येतात. मांडीच्या शिवणी एकमेकींवर बसवाव्यात आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत बैठकीची गोलाई एका दमात शिवावी.

ही शिवण सर्वांत आधी उसवते. तिथे कापड तिरपे कापलेले असते, त्यामुळे ते ताणले जाते, पण दोरा ताणला जात नाही, आणि तुटतो. म्हणून टाका बारीक ठेवावा, शिवताना कापड अगदी हलके ताणून धरावे आणि पहिल्या टिपेला लागून, पाव इंचाच्या आत, दुसरी टीप मारावी. मग गोलाईवरची माया पाव इंच ठेवून बाकीची छाटावी. मशीन नसेल, तर हाताने बारीक उलटी टीप घालावी. धावदोऱ्यावर ही जागा कधीही सोडू नये. कडांचे दोरे निघू नयेत म्हणून झिगझॅग मारावी, नाहीतर हाताने कडा वळवून घ्यावी. आतली कड खरखरीत राहिली, तर बोलता न येणारे मूल नुसते किरकिरत राहते आणि घरात कोणाला कारण कळत नाही.

फार धडपड्या मुलासाठी मियानी घालावी. त्यासाठी प्रत्येक पायाच्या आतल्या शिवणीचे वरचे ३ इंच उघडेच ठेवायचे, बैठकीची शिवण पुढून आणि मागून स्वतंत्र घालायची आणि मध्ये राहिलेल्या खिंडीत माया धरून ४ इंचांचा चौरस जोडायचा. त्याचा एक कोन पुढे, एक मागे, दोन दोन्ही पायांकडे. चारही कोन आधी हाताने टाचून घेतल्याशिवाय मशीनला लावू नये. पहिल्या विजारीला हे जमले नाही तरी काही बिघडत नाही. दुसरीला जमते.

नेफ्यात नाडी की इलॅस्टिक, हा वाद आता राहिलेला नाही, पण घरातल्या आजीचे मत विचारात घ्यावे लागते. नाडी हवी तशी सैल-घट्ट करता येते हे खरे. मुलाच्या हाती मात्र सुरगाठीची निरगाठ व्हायला क्षणही लागत नाही. शिवाय लोंबणारी नाडी घसरगुंडीच्या फटीत, सायकलच्या चाकात, बसच्या दारात अडकते. अमेरिकेत अशा अपघातांमुळे मुलांच्या जाकिटांच्या नाड्यांबाबत १९९६ मध्ये सरकारी मार्गदर्शक नियम काढण्यात आले. गळ्याशी आणि टोपीला नाडी नको, कमरेची नाडी तीन इंचांपेक्षा जास्त बाहेर लोंबू नये, असे त्यात सांगितले आहे. विजारीलाही हा नियम लावायला हरकत नाही.

इलॅस्टिक पाऊण इंच रुंदीचे घ्यावे. दोऱ्यासारखे बारीक इलॅस्टिक पोटात रुतते. लांबी कमरेच्या मापापेक्षा इंचभर कमी आणि जोडासाठी एक इंच जास्त, म्हणजे इथे बरोबर २० इंच. नेफा शिवताना मागे दीड इंच जागा उघडी ठेवावी, सेफ्टी पिनेला अडकवून इलॅस्टिक ओवावे, टोके एकावर एक ठेवून पक्की शिवावीत. मागच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना इलॅस्टिकवरून एकेक उभी टीप मारली, की ते आत पीळ खात नाही. मागची उघडी जागा मशीनने बंद करू नये, हातानेच चार टाके घालावेत. कडक ऊन, गरम पाणी आणि इस्त्री यांनी रबराचा जीव जातो आणि वर्ष-सहा महिन्यांत इलॅस्टिक बदलावेच लागते.

शेवटी मागच्या नेफ्यावर आतून रंगीत फितीचा बोटभर तुकडा शिवावा. तीन वर्षांचे मूल पुढचे-मागचे ओळखू शकत नाही, पण 'लाल फीत पाठीकडे' हे त्याला एका दिवसात कळते. मग ते स्वतः विजार घालते आणि घरभर दाखवत फिरते.

वाढत्या अंगाचे

आपल्या घरांतून कपडे नेहमी 'वाढत्या अंगाचे' घेतले जातात. हौस आणि काटकसर दोन्ही त्यात असतात. पण दोन मापे मोठी विजार घातलेले मूल तिच्यात अडखळून पडते, आणि ती अंगाला येईपर्यंत विटून जाते. वास्तविक या वयात मूल आडवे फारसे वाढत नाही. तिसऱ्या वर्षात उंची सात-आठ सेंटिमीटर वाढते, त्यानंतर वर्षाला सहा-सात, आणि त्यातला बराच भाग पायांचा. कमरेचा घेर वर्षाकाठी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच. तेव्हा विजार लांबीत वाढवता यावी, घेरात नव्हे. बेतताना जे २ इंच जादा घेतले, त्यांचा मोहरीच्या वर आतल्या बाजूला मुडप घालून तो हाताने धावदोऱ्याने टाचावा. मुलींच्या परकराला आजी असाच मुडप घालत. पाय लांब झाले, की दोरा ओढायचा, विजार २ इंचांनी वाढते. जुन्या मुडपीची रेघ उमटून राहते. तिच्यावर एखादी रंगीत पट्टी शिवावी, किंवा राहू द्यावी.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी तर नवे कापड आणूच नये. वडिलांच्या जुन्या सुती शर्टाची बाही घ्यावी. कफ काढून टाकला की लांबी-रुंदी तान्ह्याच्या एका पायाला पुरते, बाहीची आधीची शिवण मांडीची शिवण म्हणून चालते आणि दोन बाह्यांची एक विजार होते. हे कापड शंभरदा धुतलेले, मऊ, आटून संपलेले असते. फक्त कापण्याआधी ते उजेडासमोर धरून पाहावे. जिथून उजेड जास्त येतो, तिथे ते विरले आहे. तो भाग बैठकीवर येऊ देऊ नये. जुन्या सुती साडीचेही तसेच. बसण्याच्या जागेचा भाग विरलेला असतो, खोचलेल्या टोकाकडचा चांगला राहतो. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी असतातच. त्यात बाह्यांच्या अशा दोन विजारी टाकल्या, तर बाळाच्या आईला पावसाळ्यात कपडे वाळत नसताना त्यांचा उपयोग कळतो.

विजार अंगावर चढवून पाहायची ती मूल आरशासमोर उभे करून नव्हे. जमिनीवर चार चेंडू टाकावेत आणि ते उचलायला लावावेत. मूल वाकते, उकिडवे बसते, रांगते. मागची कंबर जागेवर राहिली आणि मुलाने मध्येच विजार वर ओढली नाही, तर बेत जमला. त्यानंतर एकदा न सांगता, न मदत करता, त्याला ती काढायला सांगावी.

राहिलेल्या कापडाचा एक खिसा करावा. पुढे, उजव्या हाताला, चार बोटे मावतील एवढा, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत दोनदोनदा टीप मारलेला. मोठ्यांना तो निरुपयोगी वाटतो. मुलाचे मात्र सगळे लक्ष तिथेच असते. धुवायला टाकण्याआधी तो रिकामा करावा. चिंचोके, गोट्या आणि बाटलीची झाकणे निघतील, पण ओला खडू राहिला तर त्याचा डाग पडतो.